पेस्ट कंट्रोल आणि भरलेली फिश टँक

घरात ढेकूण निघाले की माणसाला दुसरं काही सुचत नाही. गाद्या उन्हात टाक, पलंग हलव, भिंतीच्या भेगा बघ आणि शेवटी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लाव. आमचंही तेच झालं. ढेकूण बेडरूममध्ये, झुरळं स्वयंपाकघरात आणि या दोघांच्या मधोमध, हॉलमध्ये, तीन फुटी फिश टँक. शंभर लिटरच्या आसपास पाणी, दाट वनस्पती, टेट्रांचा थवा, तळाशी वाळू उकरत फिरणाऱ्या कोरी आणि गोरामीची एक जोडी. शिवाय अभ्यासाच्या टेबलावर चेरी श्रिंपची, म्हणजे इवल्या लाल कोळंब्यांची, छोटी टाकी.

मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारा, सल्ला ठरलेला असतो. टाकी प्लॅस्टिकने झाका, एअर पंप बंद करा, फवारणीनंतर खिडक्या उघडा, संध्याकाळी प्लॅस्टिक काढा. सल्ला चुकीचा नाही. पण संकटं दोन आहेत. एक बाहेरून आत येणाऱ्या विषाचं आणि दुसरं आतला प्राणवायू संपण्याचं. पहिल्याचा जितका कडेकोट बंदोबस्त कराल तितकं दुसरं जवळ येतं. आमची सगळी तयारी या पेचाभोवतीच फिरत राहिली.

सुरुवात मात्र फोनवर झाली.

"दादा, औषध कुठलं मारणार?"

"ताई, एकदम बिनवासाचं. काही होत नाही. लहान मुलं असलेल्या घरातपण मारतो."

"हो, पण नाव काय त्याचं?"

"नाव बाटलीवर असतं."

मग बाटलीचाच फोटो पाठवायला सांगितला. सायपरमेथ्रिन. लेबलवर बारीक अक्षरात, माशांना आणि जलचरांना विषारी असल्याचा इशारा होताच. बिनवासाचं म्हणजे निरुपद्रवी, हा समज फार पसरलेला आहे. जुन्या औषधांचा तो डोकं उठवणारा वास बऱ्याचदा त्यातल्या रॉकेलसारख्या द्रावकाचा असायचा. वास गेला, विष आहे तिथेच आहे.

सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, बायफेन्थ्रिन ही सगळी पायरेथ्रॉइड घराण्यातली. कीटकांच्या मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाहिन्या ती नीट मिटू देत नाहीत, त्यामुळे नसा सतत पेटलेल्या राहतात. माणसाचं शरीर ही रसायनं बऱ्यापैकी पटकन मोडून बाहेर टाकतं. माशांना ते तितकं जमत नाही. वर ही रसायनं चरबीत विरघळणारी, त्यामुळे कल्ल्यांवाटे थेट रक्तात उतरतात. (जाता जाता, घरात मांजर असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या. परमेथ्रिन मांजरांनाही सोसत नाही.)

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला आणि मग झोप उडाली. बऱ्याच जातींच्या माशांना मारायला लिटरमागे काही मायक्रोग्रॅम सायपरमेथ्रिन पुरतं. फवाऱ्याचं मिश्रण ०.०५ टक्क्यांचं धरलं तर त्याच्या एका मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम औषध, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. ते शंभर लिटरमध्ये गेलं तर लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम. एक मिलिलिटर म्हणजे साधारण वीस थेंब! प्रत्यक्षात बरंचसं औषध वाळूला, गाळाला, पानांना चिकटून बसतं, त्यामुळे गणित इतकं सरळ नसतं. पण "थोडंसं उडालं तर काय होतंय" हे वाक्य त्यानंतर माझ्या तोंडून गेलं नाही.

पुढचा प्रश्न, औषध मारणार कसं. याच्या उत्तरावर बाकी सगळं ठरतं. स्वयंपाकघरातल्या झुरळांसाठी जेल लावणार असतील तर टाकीला जवळपास काहीच धोका नाही. जेल हवेत उडत नाही, लावलं तिथेच राहतं. हातपंपाने भेगांमध्ये मारायचा फवारा त्याच्या वरचा, काळजी घेतली तर निभावता येतो. फॉगिंग त्याहून वाईट. त्यातले थेंब इतके बारीक असतात की बराच वेळ हवेत तरंगतात आणि मिळेल त्या फटीतून शिरतात. आणि घरावर तंबू ठोकून सल्फ्युरिल फ्लोराइडसारखा वायू सोडणार असतील तर प्लॅस्टिक, टेप वगैरे विसरा. तो खराखुरा वायू आहे, तिथे माणसं, प्राणी, मासे, कुंड्या सगळ्यांनी घर सोडायचं. ढेकणांसाठी खोली ५० अंशांच्या वर तापवण्याची पद्धत असते, तिलाही हाच नियम.

आमच्या दादांनी "घरभर फॉगिंग करून टाकू, एकदम साफ" असं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. ढेकूण पलंगाच्या सांध्यात आणि गादीच्या शिवणीत लपतात, हवेत तरंगणारं धुकं तिथवर धड पोचतही नाही. बेडरूममध्ये सांध्यासांध्यांत फवारा, स्वयंपाकघरात जेल आणि हॉलमध्ये काहीच नाही, असं ठरलं. टाकी वाचवण्याचं अर्धं काम या फोनवरच झालं, असं माझं मत आहे. प्लॅस्टिक हा त्यानंतरचा विमा.

छोटी टाकी हलवायची हे लगेच ठरलं. श्रिंप कीटकांचे जवळचे नातेवाईक, आणि हे औषध कीटकांसाठीच बनवलेलं. मासे ज्या मात्रेत तग धरतील तिच्या कितीतरी खाली श्रिंप आडवे पडतात. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी त्यांची रवानगी. टाकीतलंच पाणी बादलीत, त्यात श्रिंप, मॉसचा गोळा आणि चालू स्पंज फिल्टर. स्पंजात पाण्यातली घाण पचवणाऱ्या जिवाणूंची वस्ती असते, तो कोरडा पडू द्यायचा नाही. काकूंनी बादलीत डोकावून "अगं, एवढुशा जिवांसाठी एवढा खटाटोप?" असं विचारलं खरं, पण संध्याकाळी त्यांचाच फोन. "तो लाल एकजण मघापासून एकाच जागी बसलाय, बरा आहे ना तो?"

मोठी टाकी हलवणं शक्य नव्हतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यावर काच आणि वाळू. भरलेली टाकी उचलली तर सिलिकॉनचे जोड उसवू शकतात. रिकामी करून मासे पकडायचे म्हटलं तर दाट वनस्पतींत टेट्रांच्या मागे जाळं घेऊन धावणं हाच त्यांच्यासाठी मोठा धक्का. ते जिथे आहेत तिथेच राहणार होते.

आता विष आत शिरतं कुठून? सगळ्यात मोठा दरवाजा एअर पंप. तो खोलीतली हवा ओढतो आणि बारीक बुडबुडे करून थेट पाण्यात सोडतो. फवाऱ्याचे तरंगते थेंब पाण्यात मिसळायचे असतील तर यापेक्षा चांगलं यंत्र सापडणार नाही. हवा ओढणारं पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवलेला पाणी ढकलणारा पंप, तोही त्यातलाच. काठाला लटकवलेल्या फिल्टरचं पाणी उघड्यावरून पडतं, तेही खोलीतली हवा सोबत घेऊन जातं. आमचा कॅनिस्टर फिल्टर सगळ्या बाजूंनी बंद, नळीने पाणी घेणारा आणि नळीनेच सोडणारा. तो चालू ठेवता येत होता आणि ठेवायलाच हवा होता. फिल्टर बरेच तास बंद राहिला की आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो, आणि मग तो तसाच चालू केला तर साचलेलं घाण पाणी टाकीत येतं.

राहिला प्रश्न प्राणवायूचा. इथे मला एक आकडा फार उपयोगी पडला. २५ अंशांना एका लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे शंभर लिटरच्या आख्ख्या टाकीत मिळून ८०० मिलिग्रॅम. उलट एका लिटर हवेत जवळजवळ २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. टाकीवर फक्त तीन लिटर हवा असेल तरी ती सगळ्या पाण्याइतका प्राणवायू बाळगून असते! याचा अर्थ प्लॅस्टिक पाण्याला लगटून बसवायचं नाही. आदल्या दिवशी पाणी थोडं बदलायचंच होतं, ते काढलं आणि पातळी पाच सेंटिमीटर खालीच ठेवली. तीन फूट बाय एक फूट पृष्ठभागावर पाच सेंटिमीटर म्हणजे चौदा लिटरच्या आसपास हवा. कॅनिस्टरच्या नळीचं तोंड असं फिरवलं की पृष्ठभाग सतत हलता राहील, नाहीतर वर हवा असून खाली पोचत नाही. हीटर पाण्याबाहेर उघडा पडत नाही ना, तेही पाहिलं.

गोरामींसाठी ही हवा वेगळ्या कारणानेही हवी होती. त्या कल्ल्यांशिवाय डोक्यातल्या एका खास अवयवाने वरची हवा घेतात. दर थोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन एक घोट घ्यायचा आणि खाली जायचं. फायटर माशाचंही तसंच. म्हणजे प्लॅस्टिकखालची हवा त्यांच्या थेट पोटात, म्हणजे त्या अवयवात, जाणार. ती स्वच्छ असायलाच हवी.

मग नवऱ्याने विचारलं, "पंप इथेच कशाला हवा? बाहेरून हवा दे की." एअर पंप टाकीशेजारी असावा असा काही कायदा नाही. तो दुसऱ्या खोलीत ठेवून फक्त नळी इथे आणता येते. घराच्या पलीकडच्या टोकाला एक छोटी खोली आहे, तिला स्वतःची खिडकी. तिथे फवारायचं नाही असं ठरलेलंच होतं. पंप त्या खिडकीपाशी ठेवला, दाराखालून नळी काढली, दाराची फट ओल्या टॉवेलने बुजवली. एक गोष्ट मात्र आधी पाहून घेतली. फवारणीनंतर बेडरूमच्या खिडक्या उघडल्यावर तिकडची हवा वळून याच खिडकीतून आत येणार नाही ना. आमच्याकडे त्या दोन खिडक्या विरुद्ध बाजूंना आहेत. तशा नसतील तर ही युक्ती अंगावर येऊ शकते.

लांब नळीचे दोन तोटे आहेत. एक म्हणजे हवेचा जोर कमी होतो. नळीच्या टोकाला असतो त्या बारीक छिद्रांच्या दगडातून, एअरस्टोनमधून, बुडबुडेच येईनात. तो काढून भरड छिद्रांचा लावला आणि टाकीत थोडा वर बसवला. वर पाणी कमी, की पंपाला कमी दाब पेलावा लागतो. दुसरा तोटा, वीज गेली आणि पंप पाण्याच्या पातळीखाली असला तर पाणी नळीतून उलटं वाहून येतं. म्हणून नळीत एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. बाणाची दिशा टाकीकडे हवी, उलटा बसला तर हवाच जात नाही. वीज जाण्याची तरतूद म्हणून बॅटरीवरचा छोटा पंपही त्याच खोलीत तयार ठेवला. काही फवारणीवाले मेन स्विच बंद करायला सांगतात, हे त्यांना आधीच विचारलेलं बरं.

रंगीत तालीम आदल्या संध्याकाळी. जाड पारदर्शक प्लॅस्टिक घेतलं, जोड नसलेला एकच तुकडा. टाकीवर दोन आडव्या पट्ट्या ठेवून त्यावर पसरलं, म्हणजे मधे झोळ पडत नाही. चारही बाजूंनी काचेवर खाली आणलं आणि रुंद टेपने चिकटवलं. काच आधी कोरडी पुसली नाही तर टेप अर्ध्या तासात सुटतो. हवेची नळी आणि फिल्टरच्या दोन नळ्या जिथून जातात तिथे टेपचे वेढे. मागच्या एका कोपऱ्यात बोटभर जागा मुद्दाम सैल ठेवली. बाहेरून स्वच्छ हवा आत येत राहिली तर ती कुठून तरी बाहेर जायला हवी, आणि ती बाहेर जात राहिली की खोलीतली हवा त्याच फटीतून उलटी आत येत नाही. थोड्या वेळाने प्लॅस्टिक किंचित फुगलं. हात ठेवला की दबायचं, काढला की परत वर. ते पाहिल्यावर मला खरा धीर आला. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे याची त्याहून सोपी खूण नाही.

तालमीत मासे कसे वागतात तेही कळलं. टेट्रा नेहमीसारखे, कोरी नेहमीसारख्या. गोरामी वर आल्या, घोट घेतला, खाली गेल्या. आतून वाफ धरली म्हणून पुढच्या काचेवर प्लॅस्टिक फार खाली आणलं नाही, आत दिसायला हवं. दिवा प्लॅस्टिकच्या बाहेर, वरून, चालू ठेवायचा ठरवला. एरवी मासे शांत राहावेत म्हणून अंधार करतात. पण दाट वनस्पतींच्या टाकीत अंधार झाला की वनस्पतीही प्राणवायू खायला लागतात. कुणाकडे वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेला असेल तर तो मात्र त्या दिवशी बंद हवा.

माशांना आदल्या दिवसापासून उपवास. रिकाम्या पोटी प्राणवायू कमी लागतो, अमोनियाही कमी होतो. खाण्याचे डबे, जाळी, सायफनची नळी, टाकीची बादली असं सगळं पिशवीत बांधून त्या लांबच्या खोलीत. दोन कॅन पाणी क्लोरीन घालवून, झाकण लावून तिथेच.

टाकीखालच्या कपाटाचा विषय वेगळा. झुरळांना ती जागा फार आवडते. फिल्टरच्या मोटरची ऊब, नळ्यांच्या जोडांवरचा ओलावा, सांडलेले खाण्याचे कण. दादांनी आल्या आल्या कपाट उघडलं आणि म्हणाले, "ताई, इथेच तर घरटं आहे, इथे मारायलाच पाहिजे." ते बरोबरच बोलत होते. पण फवारा नको, जेलच लावा, तेही वरच्या बिजागरीपाशी आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे फिल्टर काढता-घालताना माझा हात लागणार नाही, एवढं मी धरून बसले. त्यांनी जरा वैतागून का होईना, ठिपके लावून दिले. फिप्रोनिल असो की दुसरं काही, जेलमधलं औषधही पाण्यातल्या जिवांना वाईटच. फरक इतकाच की ते सहसा जागचं हलत नाही, हललं तर बहुतेक आपल्या बोटांना लागूनच हलतं.

फवारणी बेडरूमचं दार लावून झाली. पुढचे काही तास आम्ही घराबाहेर. परत आल्यावर आधी बेडरूमच्या खिडक्या उघडल्या, लांबच्या खोलीचं दार अजून बंदच. इथे एक छोटी गोष्ट, जी कुठल्या सल्ल्यात ऐकली नव्हती. फवाऱ्याचे बारीक थेंब उंचावर, पंख्याच्या पात्यांवरही बसू शकतात. पंखा पहिल्यांदा जोरात लावला की वाळलेली भुकटी आणि धूळ खाली येते. म्हणून हॉलचा पंखाही प्लॅस्टिक असतानाच फुल स्पीडवर बराच वेळ चालवून घेतला. त्यानंतर ओल्या फडक्याने प्लॅस्टिकची वरची बाजू, काचा, दिवा, टाकीच्या आसपासचं सगळं पुसलं आणि फडकं फेकून दिलं. प्लॅस्टिक काढताना कडा आत दुमडत गेलो, बाहेरची बाजू पाण्याकडे येणार नाही अशा बेताने. तेही कचऱ्यात. पुन्हा वापरायला ठेवण्याचा मोह होतो, पण आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली हे नंतर कुणाला आठवतंय?

मग कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन, बदललेल्या कपड्यांत, ठेवलेलं स्वच्छ पाणी घालून टाकी भरली. कॅनिस्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची नवी पिशवी टाकली. अशी रसायनं कार्बन धरून ठेवतो. त्याची क्षमता संपते, म्हणून काही दिवसांनी पिशवी बदलली. एअर पंप मात्र लगेच जागेवर आणला नाही. खोलीतला उरलासुरला अंश जाईपर्यंत तो तिकडूनच हवा देत राहिला, आणि घरातले सगळे नळीला अडखळत राहिले.

पहिल्या रात्री काय बघायचं हे माहीत असलेलं बरं. विष लागलं की मासे अचानक सुसाट पळतात, काचेला धडकतात, तोल जाऊन कडेवर फिरतात, कल्ले भराभर हलवतात, अंगाला झटके येतात. नुसताच प्राणवायू कमी पडला तर सगळे मिळून वर येतात आणि पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत राहतात. दुसऱ्यात हवा वाढवली की बरं वाटतं. पहिल्यात मोठं पाणी बदलणं आणि भरपूर ताजा कार्बन, एवढंच हातात असतं. आमच्याकडे दोन्हींपैकी काही दिसलं नाही. कोरी वाळू उकरत होत्या, उपाशी होत्या म्हणून जरा जास्तच.

ढेकणांची अंडी पहिल्या फवाऱ्यात बऱ्याचदा वाचतात आणि आठवडा-दीड आठवड्यात फुटतात. म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरा फवारा ठरलेला असतो. दुसऱ्या खेपेला सगळं पुन्हा केलं, फक्त भराभर. दादांनी या वेळी स्वतःहून विचारलं, "ताई, तुमची ती हवेची नळी लावून झाली का? मग सुरू करतो."

श्रिंप दोन्ही फवारण्या होऊन आणखी काही आठवडे काकूंकडेच राहिले. आणायला गेले तेव्हा त्यांच्या मॉसमध्ये डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं होती, आणि काकू म्हणाल्या, "चार-पाच ठेवून जा इथेच."